नेट गेलं, लाइट गेली, कंपनी गेली

नमस्कार मंडळी. मुंबईहून सुट्टीला आलेली चाकरमानी मंडळीही दिसताहेत, बरं वाटलं. पत्रिकेत विषय छापलाय ‘रोजच्या कामाची उपकरणं आणि सॉफ्टवेअर’. ती यादी मी देणारच आहे. पण नवी वस्तू दिसली की ती वापरून बघितल्याशिवाय मला राहवत नाही, आणि इतकी वर्षं हे करताना तीन प्रश्न माझ्याकडे पक्के झालेत. ते आधी सांगतो. नेट गेलं तर ही वस्तू चालेल का? लाइट गेली तर किती वेळ चालेल? आणि बनवणारी कंपनी गेली तर माझं जे आहे ते माझ्याकडे राहील का?

शहरात पहिले दोन प्रश्न कुणी विचारत नाही. आपण कोकणातल्यांनी ते विचारलेच पाहिजेत. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात घुसलं. पुढच्याच वर्षी १६ मेच्या सुमारास तौक्ते आपल्या किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेलं, आणि २२ जुलैला चिपळूण पाण्याखाली गेलं. वादळात विजेचे खांब आडवे होतात हे सगळ्यांना दिसतं. पण मोबाइलचा टॉवरसुद्धा विजेवरच उभा असतो. वीज गेली की तो आधी बॅटरीवर चालतो, मग डिझेलवर. रस्त्यात झाडं पडली की डिझेलही पोचत नाही. मग हातातला महागडा फोन फक्त घड्याळ आणि टॉर्च उरतो. तौक्तेच्या दिवसांत आमच्या वाडीत सगळ्यांत कामाची वस्तू ठरली ती सेलवरचा रेडिओ.

आणि उपकरण म्हटलं की बॅटरी असलीच पाहिजे असं कुठे आहे? दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला बघा. काठी, पातं आणि जाळी. आंबा देठासकट उतरतो, चीक फळावर सांडत नाही, डाग पडत नाही. तुटला तर गावातच दुरुस्त होतो. मला विचाराल तर कोकणातलं हे पहिल्या नंबरचं उपकरण आहे.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण त्याची मला खरी चीड आहे. आमच्या शेजारी एक बागायतदार काका आहेत. पूर्वी त्यांचा सगळा हिशोब वहीत असायचा. कुठल्या कलमाला कल्टार, म्हणजे मोहोरासाठी घालायचं औषध, किती घातलं, मोहोर कधी आला, फवारण्या किती झाल्या, पेट्या किती भरल्या, वाशीला कुठल्या दलालाकडे गेल्या, विक्रीच्या हिशोबाची पट्टी काय आली, हमाली-तोलाई-भाडं जाऊन हातात काय पडलं. मुलाने हौसेने त्यांना मोबाइलवर एक अ‍ॅप घालून दिलं. फुकट होतं आणि दिसायलाही छान. काकांनी मन लावून ते शिकून घेतलं. साठी उलटलेला माणूस रात्री जेवणं झाल्यावर चष्मा लावून एकेक पेटी त्यात नोंदवायचा. वही बंद झाली. कितीतरी मोसम त्या अ‍ॅपात गेले.

आणि ऐन एप्रिलात, वाशीला रोज माल जात असताना, अ‍ॅप उघडलं तर नुसता पांढरा पडदा. कंपनीने सेवा बंद केली होती. कळवलं होतं म्हणे, पण इंग्रजीत, तेही मुलाच्या जुन्या ईमेलवर. काका माझ्याकडे आले. फोन पुढे धरून म्हणाले, ‘‘माजो हिशोब खंय गेलो रे?’’ मी त्या अ‍ॅपाची सगळी पानं शोधली. मदतीसाठी दिलेला नंबर लागेना. हिशोब बाहेर काढून घ्यायची सोय त्यात पहिल्या दिवसापासून ठेवलेलीच नव्हती.

म्हणजे बघा, बाग काकांची, आंबा काकांचा, मेहनत काकांची, आणि नोंद मात्र दुसऱ्याच्या ताब्यात. पैशांचं एक वेळ सोडा, दलालाकडे जुन्या पट्ट्या मिळतील. पण कल्टारचं काय? ते जुलै-ऑगस्टात घालायचं, आणि मात्रा झाडाच्या विस्तारावर ठरते. दरवर्षी कुठल्या कलमाला किती दिलं हे माहीत नसेल तर पुढच्या वेळी नुसता अंदाज, आणि जास्त झालं तर ते कलमाला सोसावं लागतं. माणसाची अशी वर्षं पुसून टाकणं हा अन्याय आहे, आणि ‘फुकट तर होतं’ हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही.

मग आम्ही दोघांनी बसून लिबरऑफिस नावाच्या प्रोग्रॅममध्ये साधा तक्ता केला. हेही फुकटच, पण फाइल आपल्या संगणकावर राहते. तिची एक प्रत सीएसव्हीमध्ये ठेवली. सीएसव्ही म्हणजे निव्वळ मजकूर, मधे स्वल्पविराम, बाकी काही नाही. जगातला कुठलाही तक्ता मांडणारा प्रोग्रॅम ती उघडतो, आणि प्रोग्रॅम नसला तरी डोळ्यांनी वाचता येते. पट्टी आली की तिचा फोटो, आणि फोटोच्या नावात तारीख.

फाइलवरून आठवलं, इथे ग्रंथपाल बसलेत म्हणून सांगतो. बऱ्याच वाचनालयांच्या जुन्या याद्या, स्मरणिका युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या आहेत. त्यात ‘क’ हे अक्षर म्हणून साठवलेलंच नसतं, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. तो फॉन्ट संगणकावर नसला की यादी म्हणजे अगम्य चिन्हांची रांग. जुना संगणक चालू आहे तोवर त्या याद्या युनिकोडमध्ये बदलून घ्या. आणि फाइल नसून नुसता छापील कागद उरला असेल, तर टेसेरॅक्ट नावाचं मोफत सॉफ्टवेअर स्कॅन केलेला मराठी मजकूर ओळखतं, तेही नेटशिवाय. चुका करतं, जोडाक्षरांत जास्त, तेव्हा कुणीतरी तपासायला बसावं लागेल. पण सगळं नव्याने टाइप करण्यापेक्षा ते बरं.

आणखी एक, मासेमारीवाल्यांसाठी. फोनच्या खोक्यावर आयपी ६८ लिहिलेलं असतं, पाण्यात चालतो म्हणून. ती चाचणी गोड्या पाण्यात होते. आपला समुद्र खारा. चार्जिंगच्या भोकात खारं पाणी गेलं आणि तसाच चार्जर लावला की आतली टोकं हिरवी पडतात. आधी गोड्या पाण्याने पुसा, नीट वाळू द्या, मगच चार्जर.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. मग यादी भरभर सांगतो.

नकाशा. जीपीएसला नेट लागत नाही, फोन उपग्रहांचे संदेश फक्त ऐकतो. नेट लागतं ते नकाशाचं चित्र आणायला. ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑसमअँड हे अ‍ॅप घ्या, महाराष्ट्र आधीच उतरवून ठेवा. त्यांचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे लोकांनीच मिळून बनवलेला. आपल्या वाडीची पाखाडी, विहीर आपण स्वतः त्यात घालू शकतो.

वाचन. किविक्स नावाच्या अ‍ॅपमध्ये अख्खा मराठी विकिपीडिया फोनमध्ये मावतो. शाळांनी हे आजच करावं.

फाइल देणं-घेणं. लोकलसेंड नावाचं अ‍ॅप. दोन फोन एका वायफायवर असले की पुरे, हॉटस्पॉटही चालतो, बाहेरचं नेट नको.

वीज. पॉवर बँकेवरचा २०,००० एमएएचचा आकडा आतल्या बॅटरीच्या ३.७ व्होल्टवर मोजलेला असतो, म्हणजे ७४ वॅट-तास. त्यातलं साधारण दोन तृतीयांश फोनपर्यंत पोचतं. तेवढं धरूनच हिशोब करा.

वीज कोसळण्याचा इशारा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी अ‍ॅप चांगलं आहे, सगळ्यांनी घ्या. पण त्याला नेट लागतं, तेव्हा गडगडाट ऐकू आला की अ‍ॅपाची वाट बघू नका, घरात या.

खोल समुद्र. किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरनंतर फोनची रेंज संपते. त्यासाठी २०१९मध्ये हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेने जेमिनी हे यंत्र आणलं. गगन या भारताच्या उपग्रह यंत्रणेवरून वादळाचा इशारा आणि माशांच्या जागांची माहिती येते, ब्लूटूथने फोनवर दिसते. उणीव एकच, पण मोठी आहे. ते फक्त ऐकतं. होडीवरून ‘आम्ही अडकलोय’ असं त्यावरून सांगता येत नाही. ती सोय प्रत्येक होडीवर आली पाहिजे, आणि ती मागणी आपल्या मच्छीमार सोसायट्यांनी लावून धरली पाहिजे.

मागच्या टेबलावर एक पेनड्राइव्ह ठेवलाय. आत्ता सांगितलेल्यांतलं जे मोफत आहे आणि उतरवून ठेवता येतं, ते त्यात आहे. ज्यांना हवं त्यांनी इथेच उतरवून घ्या. कोपऱ्यातल्या ताईंचा हात मघापासून वर आहे. बोला, ताई.