इन्स्टंट कॉफीची बाजू

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतलं भाषण, थोडं संपादित)

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो,

पत्रिकेत माझा विषय 'इन्स्टंट कॉफीची बाजू' असा छापलाय. बाजू म्हटलं की वकिली आली. माझं अशील म्हणजे स्वयंपाकघरातल्या मांडणीवर मेतकुटाशेजारी उभी असलेली काचेची बाटली. पावसाळ्यात तिच्यातल्या पावडरीचा दगड होतो आणि तो आपण चमच्याच्या दांड्यानं फोडतो. कोणाकोणाच्या घरी आहे? हात वर करा. बघा, निम्मं सभागृह. आणि पाहुण्यांसमोर कबूल कोण करतं? आता हात खाली गेले.

दुसरा पक्ष म्हणजे भाजलेल्या बियांची पूड गरम पाण्यात उतरवून केलेली कॉफी. तिला काय म्हणावं हाच माझा घोटाळा आहे. 'ब्रूड'ला आपल्याकडे धड शब्द नाही. उकळलेली म्हणावं, तर ती उकळायची नसते. गाळलेली म्हणावं, तर चहाही गाळलेलाच. आमच्या घरात तर चहा 'टाकतात' आणि कॉफी 'करतात'. चहा टाकला की माणूस मोकळा. कॉफी करायची म्हणजे जायफळ शोधा, किसणी शोधा, दूध उतू जाईल म्हणून उभे राहा. आजारी माणसाला, जागरणाला आणि व्याह्यांना कॉफी. बाकी सगळ्यांना चहा. असो, मी गाळीव म्हणतो. पटत नसेल तर चहापानाच्या वेळी भांडू.

तर व्याह्यांवरून आठवलं. माझी हयात रसायनाच्या प्रयोगशाळेत तराजूसमोर गेली. निवृत्त झालो, म्हटलं सुटलो. तर गेल्या दिवाळीत जावईबापू घरी आले ते तराजू घेऊनच. दशांश ग्रॅम दाखवणारा! शिवाय हातानं फिरवायची चक्की, बगळ्याच्या मानेसारख्या तोटीची किटली, कागदी गाळण्या आणि चिकमगळूरच्या बियांचं पाकीट. पाकिटावर मळ्याची समुद्रसपाटीपासूनची उंची छापलेली. आमच्या लग्नपत्रिकेवर सुद्धा इतका तपशील नव्हता.

१५ ग्रॅम कॉफी, २५० ग्रॅम पाणी. पाणी ग्रॅममध्ये, हे ऐकून आमची मंडळी पदराआड हसली. आधी थोडं पाणी ओतायचं, कॉफी फुगते ती बघत अर्धा मिनिट थांबायचं, मग गोल गोल धार धरायची. मी भक्तिभावानं उभा. अभिषेकच तो. शेवटी कोरी कॉफी कपात आली. साखर नाही, दूध नाही. ही आतून म्हणाली, "अहो, जावयाला दिवाळीत कोरी कॉफी? लोक काय म्हणतील?"

खरं सांगतो, कॉफी उत्तम होती. संत्र्याच्या सालीसारखा वास होता. वकिलानं इतकं कबूल करू नये, पण होता. पुढचे चार दिवस मात्र घरात बाटलीकडे बोट दाखवून "ती कॉफी नव्हे, बाबा" असं चाललं होतं. ते मला लागलं.

पाचव्या दिवशी मी त्यांच्याच तराजूवर प्रयोग मांडला. चार कप, चारांतही सारखं दूध, सारखी साखर, सारखं जायफळ. दोनांत त्यांची गाळीव, दाट काढलेली; दोनांत आमची बाटलीतली. जावयाच्या डोळ्यांवर हिचा रुमाल. त्यांनी चारही बरोबर ओळखले. माझा खटला तिथंच निकालात निघायचा. पण मी विचारलं, "आता यातली कपभर कुठली देऊ?" ते थांबले आणि म्हणाले, "बाबा, दुधात ही बरी लागते." ही म्हणजे बाटलीतली.

का, हेच सांगायला मी आज... चिठ्ठी आली. दहा मिनिटं? पाच. बरं.

तर भराभर. संत्र्याचा वास अरेबिका या कॉफीच्या जातीचा. नाजूक असतो, दुधात बुडतो. स्वस्त इन्स्टंटमध्ये बहुधा रोबस्टा ही दुसरी जात असते, कडू, कॅफिन जवळजवळ दुप्पट. आपल्याकडच्या काही बाटल्यांत चिकोरीही, म्हणजे एका झाडाचं भाजून दळलेलं मूळही, असते. हा कडवटपणा दूध, साखर, जायफळ सगळ्यांना पुरून उरतो. माटुंगेकरांनी हात वर करू नये! तुमच्या दक्षिणी फिल्टर कॉफीलाही चिकोरीचाच आधार आहे आणि मिश्रणात ती ४९ टक्क्यांपर्यंत घालायला कायद्याची मुभा आहे. म्हणजे तुम्ही माझेच साक्षीदार.

इतिहास: १९२९ नंतर कॉफीचे भाव कोसळले, ब्राझीलमध्ये साठे जाळायची वेळ आली. तिथल्या कॉफीचं काय करता येईल, यावर नेस्लेनं काही वर्षं घालवली आणि १९३८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये नेसकॅफे बाजारात आणली. त्याआधी १९०१ मध्ये अमेरिकेतल्या बफलोच्या प्रदर्शनात सातोरी कातो या जपानी रसायनतज्ज्ञानं विरघळणारी कॉफी लोकांना पाजली होती. म्हणजे हे काही आळशी लोकांचं कालचं खूळ नव्हे.

कृती: घरी आपण बियांचा सुमारे पाचवा भाग पाण्यात उतरवतो. कारखान्यात दाबाखाली पाणी १०० अंशांच्या बरंच वर नेतात आणि त्याच्या दुप्पट काढतात. मग तो अर्क गरम हवेत फवारून वाळवतात, किंवा गोठवून निर्वात जागी बर्फाची थेट वाफ करतात. दुसरी पद्धत महाग, पण तिच्यात वास जास्त टिकतो. पहिलीत बराच उडतो, हे माझ्या अशिलाविरुद्ध. ॲक्रिलामाइड, म्हणजे बिया भाजताना तयार होणारं एक नकोसं रसायन, तेही इन्स्टंटमध्ये जास्त, तेही विरुद्ध. बाजूनं असं, की कोलेस्टेरॉल वाढवणारं कॅफेस्टॉल इन्स्टंटमध्ये नगण्य असतं. कागदातून गाळलेल्या कॉफीतही कमीच. पण न गाळता उकळलेलीत भरपूर. हे डॉक्टरांनी बंदी घातलेल्यांनी लिहून घ्यावं.

फेटलेल्या कॉफीचं राहिलं. लग्नातल्या त्या वाफेच्या यंत्राचं, वर कोको भुरभुरवून जिला आपण एक्स्प्रेसो म्हणतो, तिचंही राहिलं. तीही इन्स्टंटच बरं का!

हो, उठलोच. एकच प्रश्न घेतो, चिठ्ठीवर आहे: "पावडरीचा दगड होऊ नये म्हणून काय करावं?" ही पावडर हवेतली ओल शोषते. झाकण घट्ट लावा आणि बाटलीत ओला चमचा घालू नका. आमच्याकडे कोण घालतं ते मला माहीत आहे, पण ती पहिल्या रांगेत बसली आहे.