खाडीच्या पाण्यातला पिंजरा

[मालवण. श्रावणातली सकाळ. होड्या वर ओढून शाकारलेल्या.]

या बाटलीत कर्ली नदीच्या मुखाजवळचं पाणी आहे. गाळलं की नितळ. तरी त्यात फॉस्फेट, म्हणजे ऑक्सिजनशी जोडलेलं फॉस्फरस, आहे, लिटरमागे साधारण मिलिग्रॅमचा दहावा भाग. समुद्रातली प्लवकं, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, किती फोफावतील, तारली-बांगड्याला चारा किती मिळेल, हे त्यावरही अवलंबून असतं. एवढंसं फॉस्फेट दिसणार कसं?

[प्रयोगशाळा. काचेची नळी.]

पाण्यात आम्ल, अमोनियम मॉलिब्डेट (मॉलिब्डेनम या धातूचा क्षार), अँटिमनीचा एक क्षार आणि क जीवनसत्त्व घातलं. हो, आवळ्यातलं तेच. आता दहा मिनिटं कुणी काही करायचं नाही.

आम्ल नसताना मॉलिब्डेनमचा एकेक अणू चार ऑक्सिजन घेऊन सुटा फिरतो. आम्ल आलं की काही ऑक्सिजनना हायड्रोजन चिकटतात, त्यांचं पाणी होऊन ते निघून जातात, आणि उरलेले ऑक्सिजन दोन मॉलिब्डेनममधला सांधा होतात. सांधे जुळतात, सुटतात, पुन्हा जुळतात. फॉस्फेट सापडलं की त्याच्याभोवती तीन-तीनचे चार गट बसतात. बारा मॉलिब्डेनम, चाळीस ऑक्सिजन, मधोमध एक फॉस्फरस. रुंदी जेमतेम एक नॅनोमीटर.

कुर्ल्या धरायचा पिंजरा आधी विणावा लागतो, मग कुर्ली आत शिरते. इथे कुर्ली आधी आणि पिंजरा तिच्याभोवती!

स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसने 1826 मध्ये या पिंजऱ्याचा पिवळा साका पाहिला. आतली रचना कळायला 1933 उजाडलं: मँचेस्टरमध्ये केगिनने क्ष-किरणांनी याच्याच भावंडाचा, मॉलिब्डेनमच्या जागी टंगस्टन हा धातू असलेल्या पिंजऱ्याचा, आराखडा उलगडला.

[नळी निळी होत जाते.]

क जीवनसत्त्व पिंजऱ्याला इलेक्ट्रॉन देतं. ते एका मॉलिब्डेनमवरून दुसऱ्यावर उड्या मारतात, म्हणून हा निळा रंग. यंत्र मात्र 880 नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश किती शोषला गेला ते मोजतं; त्यावरून फॉस्फेट किती ते कळतं. मर्फी आणि रायली यांची 1962 ची ही पद्धत समुद्राच्या पाण्यासाठी आजही वापरतात.

खाडीत एक कटकट असते. पावसाळ्यात नदी सह्याद्रीतून सिलिकेट आणते, आणि सिलिकॉनभोवतीही हुबेहूब असाच पिंजरा जमतो. म्हणून आम्ल मुद्दाम जास्त घालतात. तेवढ्या आम्लात फॉस्फरसचा पिंजरा काही मिनिटांत उभा राहतो, सिलिकॉनचा मात्र रेंगाळतो. आकडा वेळेत टिपून घ्यायचा. चहा त्यानंतर.