चार चादरींएवढी जागा

(सोलापुरातील एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो,

या सभागृहातले निम्मे लोक पुण्याला गेले की गोल्फ खेळतात आणि उरलेले त्यांच्याकडून त्याच्या हकीकती ऐकत आलेले आहेत, तेव्हा पार-फोर म्हणजे टीपासून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेपासून, भोकापर्यंतचा जो टप्पा (होल) चांगल्या खेळाडूने चार फटक्यांत पुरा करायचा तो, यापलीकडे मी पहिल्यापासून सांगत बसत नाही. पुरुषांसाठी साधारण 240 ते 490 यार्ड हा पार-फोरचा पल्ला धरतात. आज मी बोलणार आहे तो त्यातल्या आखूड, 300 यार्डांच्या आसपासच्या होलबद्दल. असा होल सोपा वाटू लागला की आपल्याकडच्या समित्या तो अवघड करायला धावतात, आणि अवघड करण्याच्या नादात खेळाडूने विचार करावा असे जे काही त्यात असते तेच नेमके काढून टाकतात, अशी माझी तक्रार आहे.

जे खेळत नाहीत त्यांच्यासाठी कबड्डीचे मैदान डोळ्यांसमोर आणतो. निदान रेषेपलीकडे एका मीटरवर बोनस रेषा असते. चढाई करणारा निदान रेषा ओलांडून परतला तर चढाई वैध ठरते आणि त्याच्यावर काही बालंट येत नाही. पण समोर सहा-सात गडी असताना त्याने बोनस रेषेपलीकडे पाय टेकवला तर गुण मिळतो, आणि कोपरारक्षक नेमका त्याच पायाचा घोटा धरायला टपलेला असतो. तिथे कोणी भिंत घातलेली नाही की खड्डा खणलेला नाही. एक मीटर जमीन आहे आणि तिच्यात पाय टाकायचा की नाही, हे दर चढाईला नव्याने ठरवावे लागते. आखूड पार-फोरमध्ये मला ही एक मीटर जमीन हवी असते.

आता ज्या होलमुळे हा विषय माझ्या डोक्यात शिरला त्याची हकीकत सांगतो. मैदानाचे नाव घेत नाही, कारण ती माणसे भली आहेत आणि त्यांनी जे केले ते चांगल्या हेतूने केले. पाटबंधारे खात्यात असताना बदलीच्या गावी मी तिथे खेळायला शिकलो. चौथा होल 310 यार्डांचा, सरळ, मोकळा. एका स्पर्धेत एका तरुण खेळाडूने ड्रायव्हरने, म्हणजे सर्वांत लांब मारणाऱ्या काठीने, मारलेला चेंडू थेट ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, नेला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि पुढच्याच बैठकीत होल ‘सुधारण्याचा’ ठराव झाला. दोन्ही बाजूंना खोट्या अशोकाच्या रांगा लावल्या आणि ग्रीनच्या तोंडाशी, देवळापुढच्या दीपमाळांसारखे, डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन सारखे बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, खोदले. झाडे वाढली आणि मधला फेअरवे, म्हणजे खेळायचा कापलेला पट्टा, जेमतेम 25 यार्ड रुंद उरला. त्यानंतर ड्रायव्हर काढण्याचे धाडस कोणी केले नाही. ठरावाचा हेतू तडीस गेला.

निवृत्तीनंतर त्याच समितीने मला निचऱ्याच्या तक्रारीसाठी बोलावले. चौथ्या होलवर पावसाळ्यात पाणी साचते, एवढेच त्यांचे म्हणणे होते. सकाळी मी एका जुन्या कॅडीबरोबर, म्हणजे खेळाडूंच्या काठ्या वाहणाऱ्या गड्याबरोबर, चालत गेलो. त्याच्या हातात डिव्हट, म्हणजे फटक्याने गवतात पडणारे खड्डे, बुजवायची वाळूची बाटली होती. टीपासून 200 यार्डांवर तो थांबला, आणि मी पाहिले की चार सोलापुरी चादरी अंथराव्यात एवढ्या जागेत गवत पार खरवडून निघाले होते. गुडघे टेकून बघितले. जुन्या जखमा वाळूने बुजवलेल्या, त्यांच्यावर नव्या, त्यांच्या कडांना हरळीची पांढरी मुळे उघडी पडलेली. आणि तिथून दहा पावले डावीकडे गवत असे की त्यावर वर्षभरात कोणी काठी टेकवली नसावी. कॅडी म्हणाला, “साहेब, सगळे इथूनच मारतात. मी चेंडू बघायला जात नाही, आधीच इथं येऊन उभा राहतो.”

दोन्ही बाजूंचा उतार त्याच खोलगट जागेत उतरत होता. झाडांच्या भीतीने प्रत्येक जण मधोमध, बेताने मारत होता, चेंडू घरंगळत तिथेच येत होता, आणि पावसाचे पाणीही तिथेच. निचरा नीट नसणे आणि खेळात निवड नसणे हा एकच आजार होता. ज्याने उभा जन्म पाण्याच्या वाटा काढण्यात घालवला, त्याला हे आधी दिसायला हवे होते, ही रुखरुख मला अजून आहे.

या बाबतीत स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानाचा शेवटचा होल आठवतो. सुमारे 357 यार्डांचा, पहिल्या होलबरोबर सामाईक असलेला अतिशय रुंद फेअरवे, आणि पूर्ण होलवर एकही बंकर नाही. ग्रीनच्या पुढ्यात फक्त एक खळगा आहे. 1995 च्या ब्रिटिश ओपन स्पर्धेत कोस्तान्तिनो रोक्का या खेळाडूचा दुसरा फटका त्या खळग्यात अडकला, आणि तिथून त्याने लांबलचक पट घालून, म्हणजे चेंडू जमिनीवरून घरंगळत थेट भोकात नेऊन, प्रतिस्पर्धी जॉन डेलीशी बरोबरी साधली. पुढे जादा होलमध्ये डेली जिंकला, ती गोष्ट वेगळी. सांगायचे ते इतकेच की जमिनीच्या एका घडीने इतके साधते. आणखी एक नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही, ते ॲलिस्टर मॅकेन्झींचे. गोल्फ मैदानांचे आराखडे करणारे, आणि शिक्षणाने डॉक्टर. 1914 मध्ये दोन फटक्यांच्या, म्हणजे दोन फटक्यांत ग्रीन गाठायच्या पार-फोर होलचा आराखडा मागवणाऱ्या एका स्पर्धेत त्यांनी बक्षीस मिळवले, ते ज्याच्या-त्याच्या ताकदीप्रमाणे ग्रीनकडे जाणाऱ्या वेगवेगळ्या वाटा एकाच होलवर दाखवून.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटे उरली आहेत, आणि जाहीर केलेला विषय, म्हणजे त्या चौथ्या होलची नवी आखणी, तर आता सुरू होतो. तेव्हा आराखडा भरभर सांगतो.

उजवीकडची झाडांची रांग काढायची. शहराच्या हद्दीत त्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, ती रीतसर घ्यायची आणि बदली झाडे मैदानाच्या कडेला लावायची. फेअरवे 50 यार्ड रुंद करायचा. खोलगट जागा भरून तिथे, पाणलोटाच्या माथ्यासारखी, एक बुटकी धार काढायची, म्हणजे पाणी दोन बाजूंना वाहील आणि चेंडूही डावा-उजवा होईल. धारेच्या टोकाला, टीपासून 205 ते 225 यार्डांवर, मध्यापासून जरा डावीकडे एकच बंकर. ग्रीनपुढचा डावा बंकर बुजवायचा, उजवा ठेवायचा.

मुख्य काम ग्रीनचे. गोल ग्रीन मोडून ते लांबट करायचे आणि त्याचे तोंड डावीकडे वळवायचे. मग फेअरवेच्या डाव्या कडेवरून ग्रीनची 30 यार्ड लांबी समोर उघडी दिसेल; उजवीकडून मात्र बंकरवरून मारावे लागेल आणि चेंडू टेकायला जेमतेम 12 यार्ड मिळतील, तेही पलीकडे उतरत जाणारे. डावी बाजू हवी असेल तर बंकर आणि मैदानाची हद्द यांच्या मधल्या पट्ट्यात चेंडू टाकायला हवा. उजवी बाजू ऐसपैस आहे, तिचे मोल दुसऱ्या फटक्याला चुकवायचे. ड्रायव्हरवाल्याला डाव्या तोंडातून चेंडू घरंगळत ग्रीनवर नेता येईल, पण उजवीकडे चुकला तर वाळूतून त्याच अरुंद ग्रीनवर उतरावे लागेल. 150 यार्ड मारणाऱ्या ज्येष्ठालाही कुठे काही ओलांडायची सक्ती नाही. तो तिसरा फटका जमिनीवरून नेईल. लॉस एंजेलिसच्या रिव्हिएरा मैदानावरचा 315 यार्डांचा दहावा होल पाहावा: ग्रीन तिरपे आणि निमुळते, आणि शहाणा खेळाडू ते डावीकडून गाठतो.

मातीचे दोन शब्द. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, म्हणून ग्रीनखाली ती ठेवायची नाही. तळाशी निचऱ्याच्या नळ्या, त्यावर 100 मिलिमीटर खडी आणि वर 300 मिलिमीटर वाळूचा थर. गवत हरळीच्याच कुळातले. कुंदा आणि लव्हाळ्याबरोबर आपला शेतकरी जिला शिव्या देतो आणि गणपतीला जिच्या जुड्या वाहतो, तिलाच गोल्फवाले बर्म्युडा म्हणतात, आणि आपल्या उन्हात तीच तग धरते.

धार, बंकर आणि ग्रीन झाले आहे. झाडांच्या परवानगीचा अर्ज अजून प्रलंबित आहे, त्यामुळे उजवी बाजू हवी तशी मोकळी झालेली नाही. पहिल्या पावसाळ्यात ग्रीनच्या मागच्या कोपऱ्यात पाणी रेंगाळले. तिथली नळी येत्या उन्हाळ्यात उकरून पुन्हा उताराला घालणार आहे. कॅडीला वाळूची बाटली घेऊन आता तीन ठिकाणी जावे लागते. नकाशा मी टेबलावर ठेवला आहे. ज्यांना उतारांचे आकडे पाहायचे असतील त्यांनी थांबावे, मी इथेच आहे.