निळा ठिपका नेमका कोणत्या पेशीत?

सूक्ष्मदर्शकाखाली आतड्याच्या बायोप्सीचा काप आहे. फिकट गुलाबी उतीत गर्द निळे ठिपके उठले आहेत. एकेक ठिपका म्हणजे एका पेशीचं केंद्रक, आणि त्यात साठलेला ‘ईबर’, म्हणजे एपस्टाइन-बार विषाणूचा आरएनए.

हा विषाणू १९६४ मध्ये बर्किट लिम्फोमाच्या (लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींच्या एका कर्करोगाच्या) पेशींत प्रथम दिसला. आज जगातल्या दहापैकी नऊ प्रौढांच्या शरीरात तो मुक्कामाला असतो, बहुतेकांना काही त्रास न देता. त्यामुळे नुसता विषाणू सापडला म्हणून निदान होत नाही. पीसीआर ही जनुकीय चाचणी विषाणू आहे एवढंच सांगते. तो कर्कपेशीत आहे की शेजारच्या निरोगी लिम्फोसाइटमध्ये, हे ईबरसाठी रंगवलेला काप दाखवतो. विखुरलेल्या चार लहान पेशी निळ्या झाल्या, तर त्यावर निकाल देऊ नये. गाठीच्या मोठ्या, वेड्यावाकड्या केंद्रकांत निळा रंग हवा.

आधी पेशीचं कूळ ठरतं. त्यासाठी पेशींवरची खुणेची प्रथिनं बघतात. सीडी२० बी-पेशींची खूण, सीडी३ टी-पेशींची; दोन्ही लिम्फोसाइटचेच प्रकार. खरी कसोटी सीडी५६, म्हणजे एनके (नॅचरल किलर) या तिसऱ्या प्रकाराच्या लिम्फोसाइटची खूण, उमटल्यावर लागते. सोबत पेशीद्रवातलं सीडी३, ग्रँझाइम बी (मारक पेशींतलं विकर) आणि ईबर असेल, तर तो नाकाकडच्या प्रकारातला एनके/टी लिम्फोमा. तो आतड्यातही होतो. सीडी८ आणि सीडी५६ आहेत, ईबर मात्र नाही, अशा वेळी मोनोमॉर्फिक एपिथेलिओट्रॉपिक या आतड्याच्या टी-पेशी लिम्फोमाच्या प्रकाराचा विचार करावा लागतो. सीलिअॅक या ग्लुटेनमुळे (गव्हातल्या प्रथिनामुळे) होणाऱ्या आतड्याच्या आजारातून येणाऱ्या लिम्फोमात सीडी५६ सहसा नसतं, ईबरही नसतो.

सगळ्यात मोठा चकवा एनके-सेल एंटेरोपॅथीचा, म्हणजे आतड्यात एनके पेशी वाढण्याच्या आजाराचा. तिथेही सीडी५६ ठळक, ग्रँझाइम बीसुद्धा हजर. पण ईबर नाही, आणि आजार सौम्य. ईबर न बघता याला लिम्फोमा म्हटलं, की रुग्णाला गरज नसताना केमोथेरपी सोसावी लागते. हे टाळता येतं, म्हणूनच ती चूक जास्त सलते.

ईबर न उमटण्यामागे कधी तुकडाच कारण असतो. व्रणाच्या मधोमध घेतलेल्या तुकड्यात नुसत्या मेलेल्या पेशी येतात, म्हणून काठावरूनही तुकडे घ्यावेत. ते लगेच १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये टाकावेत. उशीर झाला की आरएनए तुटून नष्ट होतो आणि विषाणू असूनही काप कोरा दिसतो. यासाठी त्याच तुकड्याच्या दुसऱ्या कापावर पेशीच्या स्वतःच्या आरएनएचा कंट्रोल प्रोब, म्हणजे त्या आरएनएला चिकटून तो शाबूत आहे का हे दाखवणारा रेणू, लावतात. तोही कोरा निघाला, तर ‘ईबर निगेटिव्ह’ लिहायचं नाही. नवा तुकडा मागायचा.