दम लवकर वाढतो, हाड सावकाश

नमस्कार, श्रोतेहो.

गणपतींचं विसर्जन झालं की मुंबईत मरीन ड्राइव्ह, शिवाजी पार्क, कार्टर रोड या भागांत पहाटे धावणाऱ्यांची संख्या वाढायला लागते. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मॅरेथॉन असते, तिची ही तयारी. २००४ साली सुरू झालेल्या या शर्यतीत आता चाळिशी-पन्नाशीत पहिल्यांदाच धावायचे बूट घेतलेली माणसंही उतरतात. मला त्यांचं फार कौतुक वाटतं. पण मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि दरवर्षी डिसेंबर उजाडला की लंगडत येणारे धावपटू बघते. त्यातल्या बऱ्याच जणांचं दुखणं टळण्यासारखं असतं, याची हळहळ वाटते. म्हणून आज घोट्यापासून खालच्या भागाबद्दल बोलते.

एका पावलात २६ हाडं असतात. धावताना प्रत्येक पाऊल टेकतं तेव्हा त्यावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट भार येतो, आणि एका किलोमीटरला साधारण हजार पावलं पडतात. पाय हे सगळं सोसू शकतो, पण त्याला वेळ द्यावा लागतो. धावायला लागल्यावर काही आठवड्यांतच दम वाढतो, अंगात हुरूप येतो, आणि माणूस पाच किलोमीटरवरून थेट बारावर जातो. हाडाचा वेग मात्र वेगळा असतो. ताण पडला की हाड आधी जुना भाग पोखरून काढतं आणि मग तिथे नवं हाड भरतं. पोखरायला दोन-तीन आठवडे लागतात, भरायला जवळजवळ तीन महिने. मधल्या काळात रस्ता खणून ठेवलाय आणि वरून वाहतूक चालूच आहे, अशी पायाची अवस्था असते. नेमक्या याच काळात अंतर वाढवलं की हाडाला बारीक चीर जाते. तिला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात.

हा प्रकार जुना आहे. १८५५ साली प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टरांनी लांब कूच केलेल्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांचं वर्णन लिहून ठेवलं. क्ष-किरणांचा शोध लागायला तेव्हा चाळीस वर्षं बाकी होती. आत हाड चिरलंय, हे त्यांना दिसणं शक्यच नव्हतं.

आज आपल्याकडे एक्स-रे आहे, पण तोही इथे फसवू शकतो. पहिले दोन-तीन आठवडे बऱ्याचदा चीर त्यात दिसतच नाही. 'एक्स-रे नॉर्मल आहे' म्हणून माणूस पुन्हा धावतो आणि चीर वाढते. म्हणून स्वतःच्या बोटावर विश्वास ठेवा. पावलाच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या आणि तिसऱ्या बोटामागे जी लांब हाडं हाताला लागतात, त्यांच्यावरून अंगठा हळूहळू फिरवा. थकलेलं पाऊल सगळीकडे सारखंच दुखतं. चीर असेल तर एका रुपयाएवढ्या जागेवर कळ येते, 'इथेच' असं बोट ठेवून दाखवता येतं. अशा दुखण्यात धावणं त्याच दिवशी थांबवा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना गाठा. गरज पडली तर ते एमआरआय सांगतील. बहुतेकदा सहा ते आठ आठवडे न धावता आणि कडक तळाचे बूट वापरून हाड जुळतं. पण दुखरी जागा घोट्याच्या पुढे, कमानीच्या वरच्या टोकाला असेल किंवा करंगळीच्या मागे बाहेरच्या कडेला असेल, तर एकही दिवस दवडू नका. तिथली हाडं जुळायला त्रास देतात, कधी शस्त्रक्रियाही लागते.

मैत्रिणींना एक आवर्जून सांगते. वजन उतरवायला धावणं वाढवलं, जेवण कमी केलं आणि पाळी अनियमित झाली किंवा थांबली, तर ती हाडांची धोक्याची सूचना समजा. आधी पोटभर जेवा, डॉक्टरांना दाखवा, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम तपासून घ्या.

आता टाच. सकाळी पलंगावरून उतरताना पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा टोचल्यासारखं दुखतं, चार पावलं चाललं की कमी होतं. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्यात जो जाड पडदा असतो, त्याचं हे दुखणं. एक्स-रे काढला की घरी सांगितलं जातं, 'टाचेचं हाड वाढलंय', आणि माणूस धास्तावतो. तसं वाढलेलं हाड टाच मुळीच न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेतही दिसतं. ते कापायची घाई करू नका. व्यायामाने हे दुखणं बहुतेकांचं बरं होतं, मात्र काही महिने चिकाटी ठेवावी लागते.

आत्ता खुर्चीत बसला असाल तर माझ्याबरोबर करा. दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्या. हाताने सगळी बोटं धरून नडगीकडे ओढा. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तळवा चाचपा, ताणलेल्या दोरीसारखा तो पडदा हाताला लागेल. दहा अंक मोजा, सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा, आणि सकाळचं पहिलं पाऊल जमिनीला लागायच्या आधी तर नक्कीच. याच्या जोडीला जिन्याच्या पायरीवर बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून टाच सावकाश वर-खाली करायची, एक दिवसाआड. घरात गार फरशीवर अनवाणी फिरू नका, मऊ चप्पल घाला.

घोटा मुरगळणं हे आपल्या उखडलेल्या पेव्हर ब्लॉकचं देणं आहे. पाय मुरगळला की घरातलं कुणीतरी तेल घेऊन जोरात चोळायला बसतं. पहिले दोन-तीन दिवस कृपा करून चोळू नका आणि शेकूही नका. बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं लावा, पट्टी बांधा, पाय उशीवर उंच ठेवा. लागलेल्या पायावर चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याचं हाड दाबल्यावर दुखत असेल तर एक्स-रे काढाच. सूज उतरली की दात घासताना त्या एका पायावर उभं राहायचा सराव करा, नाहीतर तोच पाय पुन्हा मुरगळतो.

फोड, काळी नखं आणि चिखल्या यांवर थोडक्यात. बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाऊल किंचित सुजलेलं असतं, आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा सोडा. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट उतरताना बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात, ती घट्ट बुटामुळे. सुती मोजे घाम धरून ठेवतात, धावायला सिंथेटिक बरे. पावसाळ्यात धावून आल्यावर बोटांमधल्या बेचक्या कोरड्या करा. मधुमेह असेल तर रोज रात्री तळवे उजेडात बघा, कारण फोड आला तरी तो दुखेलच असं नाही.

आणि शर्यतीआधी वेदनाशामक गोळी घेऊन धावू नका. दुखणं झाकलं जातं, मूत्रपिंडावर ताण येतो तो वेगळाच.

चीर जुळल्यावर परत कसं सुरू करायचं, हे बरेच जण विचारतात. आधी अर्धा तास भरभर चाला. दुखलं नाही तर एक मिनिट धावणं आणि दोन मिनिटं चालणं, असं वीस मिनिटं, एक दिवसाआड. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच जागा अंगठ्याने दाबून बघा. दुखली तर मागच्या टप्प्यावर या, नाही दुखली तर धावण्याचं एक मिनिट वाढवा. एवढ्यात जानेवारी उलटून गेला तर उलटू द्या.

नमस्कार.