पारा ४८ वरून २० वर
(निवेदन)

[दृश्य: छापील कार्डाचा क्लोज-अप]

हे कार्ड नीट बघा. उभा तापमापक काढलाय, शून्य ते शंभर. पण मोजायचाय तो ताप नव्हे, जिव्हाळा. शंभर म्हणजे मनापासून आपुलकी. शून्य म्हणजे पराकोटीची नावड. बरोबर मधोमध पन्नास, तिथे ना ऊब, ना गारवा. वरच्या बाजूला ६०, ७०, ८५. खालच्या बाजूला ४०, ३०, १५. प्रत्येक खुणेपुढे तिचा अर्थ दोन-चार शब्दांत छापलेला. मुलाखतकार हे कार्ड समोरच्याच्या हातात देतो आणि विचारतो: डेमोक्रॅटिक पक्षाला किती अंश द्याल? आणि रिपब्लिकन पक्षाला?

अमेरिकेतल्या ध्रुवीकरणाबद्दल आज जे काही खात्रीने सांगता येतं, त्यातलं बरंचसं या एका प्रश्नातून हाती आलंय.

[दृश्य: जुनी कृष्णधवल फीत. वही घेऊन पायऱ्या चढणारी मुलाखतकार]

मिशिगन विद्यापीठाने मतदारांच्या घरी जाऊन मुलाखती घ्यायला सुरुवात केली १९४८ मध्ये. त्याआधी, १९३६ मध्ये, 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकाने मोठा दणका खाल्ला होता. वीस लाखांहून जास्त लोकांनी कौलपत्रिका भरून पाठवल्या, त्यावरून साप्ताहिकाने राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार असं जाहीर केलं, आणि रूझवेल्टनी ४८ पैकी ४६ राज्यं खिशात घातली. माणसं लाखोंनी होती, पण ती निवडली कशी, तिथेच घोळ होता.

म्हणून या बाई दाराशी काय करतायत ते पाहा. दार ज्याने उघडलं त्याचीच मुलाखत घेतली तर काम पटकन उरकतं. पण मग दिवसा घरी असणाऱ्यांचीच मतं जमा होतात. त्यामुळे आधी घरातल्या सगळ्या प्रौढांची यादी होते. पुरुष वयाच्या उतरत्या क्रमाने, त्यांच्यानंतर बायका तशाच, आणि प्रत्येकाला एक क्रमांक. हातातल्या कागदावर एक तक्ता आधीच छापलेला असतो: घरात तीन प्रौढ असतील तर अमुक क्रमांकाशी बोला, चार असतील तर तमुक. ही रीत संख्याशास्त्रज्ञ लेस्ली किश यांनी १९४९ मध्ये मांडली. क्रमांक ज्याचा येईल, त्याच्याशीच बोलायचं. तो कामावर गेला असेल तर पुन्हा यायचं. शेजारच्या खोलीतला कुणी हौसेने बोलायला तयार असला, तरी चालत नाही.

एवढ्या तपशिलात शिरलो त्याला कारण आहे. टीव्हीवर आणि मोबाइलवर आपल्याला सतत दिसतो तो तावातावाने भांडणारा माणूस. गप्प बसणारा माणूस मोजला जातो तो फक्त इथे, या तक्त्यामुळे.

[दृश्य: पडद्यावर दोन रेघा, १९७८ पासून]

पक्षांसाठी हा तापमापक १९७८ पासून नियमित वापरात आहे. वरची रेघ स्वतःच्या पक्षाबद्दलची. ती फारशी हललेली नाही. आता खालची बघा, ती समोरच्या पक्षाबद्दलची. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सरासरी ४८ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ तटस्थ. तिथून ती घसरत घसरत २० च्या आसपास आली.

स्टॅनफर्ड विद्यापीठातले राज्यशास्त्रज्ञ शांतो अय्यंगार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये या घसरणीवर बोट ठेवलं. करांवरून, आरोग्यविम्यावरून मतभेद असणं वेगळं. इथे मनंच दुरावली होती. अभ्यासक याला भावनिक ध्रुवीकरण म्हणतात.

१९६० मध्ये लोकांना विचारलं होतं: तुमच्या मुलाने किंवा मुलीने दुसऱ्या पक्षाच्या माणसाशी लग्न केलं तर? नाराज होऊ म्हणणारे दोन्ही पक्षांत पाच टक्क्यांच्या आसपास होते. २०१० मध्ये निम्मे रिपब्लिकन आणि तिसरा हिस्सा डेमोक्रॅट नाराजी बोलून दाखवत होते.

[दृश्य: टेबलावर दोन अर्ज शेजारी शेजारी]

अय्यंगार आणि शॉन वेस्टवूड यांचा प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. शिष्यवृत्तीसाठी दोन विद्यार्थ्यांचे अर्ज, त्यातला एक निवडायचा. अर्जात गुण, छंद, उपक्रम, आणि एका ओळीत विद्यार्थ्याचा पक्ष कळेल असा उल्लेख. सुमारे ८० टक्के लोकांनी आपल्या पक्षाचा विद्यार्थी उचलला. दुसऱ्याचे गुण जास्त असले तरीही कल बदलला नाही.

उमेदवार आपल्या पक्षाचा असेल, तर त्याने लोकशाहीचे नियम मोडले तरी त्याची साथ सोडणारे मतदार फार थोडे निघतात, हेही पुढच्या अभ्यासांत दिसलं.

[दृश्य: प्रश्नावलीची पानं]

आता लग्नाच्या प्रश्नाकडे पुन्हा येऊ. राज्यशास्त्रज्ञ समारा क्लार, याना क्रुपनिकोव्ह आणि जॉन बॅरी रायन यांनी त्यात एक वाक्य जोडलं: जावई किंवा सून राजकारणावर क्वचितच बोलते. एवढ्यावर नाराजी बरीच ओसरली. बऱ्याच जणांना वैताग होता तो घरात अष्टौप्रहर राजकारण बोलणाऱ्या माणसाचा, मग तो कुठल्याही पक्षाचा असो.

समोरचा माणूस मुळात कोण आहे, याची कल्पनाही भलतीच निघाली. डग्लस अहलर आणि गौरव सूद यांनी लोकांना अंदाज विचारले. वर्षाला अडीच लाख डॉलरहून जास्त कमावणारे रिपब्लिकन किती? सरासरी उत्तर आलं ३८ टक्के. खरा आकडा दोनच्या आसपास. म्हणजे राग धरला जातोय तो डोक्यातल्या चित्रावर. ते चित्र पुसता येतं, असं आम्हाला ठामपणे वाटतं, आणि त्याला आधारही आहे.

[दृश्य: टेक्सास. मोठं सभागृह, नंतर छोट्या खोलीत गोलाकार बसलेले लोक]

सप्टेंबर २०१९, डॅलसजवळचं ग्रेपव्हाइन. स्टॅनफर्डच्याच जेम्स फिशकिन आणि लॅरी डायमंड यांच्या चमूने देशभरातून ५०० हून अधिक मतदार बोलावले. तेही नमुना पद्धतीने निवडलेले, हौशे-गवशे नव्हेत. आधी प्रश्नावली. मग स्थलांतर, अर्थव्यवस्था, आरोग्य, पर्यावरण आणि परराष्ट्र धोरण यांवर दोन्ही बाजूंची माहिती असलेली पुस्तिका. मग छोट्या गटांत चर्चा, प्रत्येक गटात एक संचालक. तो स्वतःचं मत देत नाही. एकच माणूस बोलत सुटला, तर इतरांना बोलतं करतो. गटाने मिळून तज्ज्ञांसाठी प्रश्न ठरवायचे, ते सभागृहात मांडायचे, आणि पुन्हा खोलीत येऊन बसायचं. हात वर करून ठराव नाही, जिंकणं-हरणं नाही. शेवटच्या दिवशी तीच प्रश्नावली पुन्हा, तोच तापमापक.

विरोधी पक्षाच्या लोकांबद्दलचा पारा दोन्हीकडे दहा अंशांहून जास्त वर गेला. स्थलांतरासारख्या प्रश्नावरही टोकाच्या भूमिका सैलावल्या. घरीच राहिलेल्यांचा एक तुलनागट होता, त्यालाही तेच प्रश्न विचारले होते. त्या गटात असा बदल दिसला नाही.

शेकडो माणसांना विमानाने आणायचं, चार दिवस ठेवायचं, हे पुन्हा पुन्हा परवडणारं नाही. म्हणून २०२१ मध्ये हवामान आणि ऊर्जा या विषयावरची पुढची चर्चा ऑनलाइन झाली. साडेनऊशेहून अधिक लोक आपापल्या घरून बसले, आणि कुणाला किती वेळ बोलायचं हे त्यासाठी बनवलेली संगणकप्रणालीच सांभाळत होती.