तंबोऱ्यातला गंधार

(फक्त तंबोऱ्यांचा आवाज. निवेदन थोडं थांबून सुरू.)

डिसेंबरात पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवाला गेलात, तर गायकाने पहिला षड्ज लावण्याआधी मागचे तंबोरे नीट ऐका. चार तारा : पंचम, जोडीचे दोन षड्ज आणि शेवटी खर्ज, म्हणजे खालच्या सप्तकातला षड्ज. गंधाराची तार कुठेच नाही. तरीही तंबोरे सुरेल जुळले, की गंधार स्वच्छ ऐकू येतो. गाणारे त्याला स्वयंभू गंधार म्हणतात.

तो मुख्यतः खर्जातून येतो. गायकाची पट्टी, म्हणजे त्याचा षड्ज, पेटीच्या काळी एकवर धरली, तर खर्जाची तार सेकंदाला सुमारे ६९.३ कंपनं करते. त्याच तारेत दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वरही वाजत असतात. पाचपट, म्हणजे ३४६.५, हा आपला गंधार. आजच्या पेटीवर तोच गंधार ३४९ च्या आसपास, किंचित चढा वाजतो. तंबोऱ्यावर तयार झालेल्या कानाला हा फरक खुपतो, आणि तो खुपायलाच हवा.

पण उपस्वर तर गिटारच्या तारेतही असतात. मग तंबोऱ्यातच ते एवढे उघडे का पडतात?

(घोडीचं अगदी जवळून दृश्य. तारेखालचा दोरा दिसतो.)

तारा जिच्यावर टेकतात, त्या घोडीचा माथा सपाट वाटतो, पण त्याला हलकासा बाक असतो. कंप पावणारी तार त्या बाकाला टेकते, सुटते, पुन्हा टेकते. त्यामुळे खालच्या कंपनांतली शक्ती वरच्या उपस्वरांकडे जात राहते. तारेखाली सरकवलेला सुती दोरा हा स्पर्श नेमका साधून देतो. दोरा केसभर हलला, तरी जवारी, म्हणजे उपस्वरांनी भरलेला हा झंकार, खुलते किंवा मिटते.

सी. व्ही. रामन यांना इथेच कोडं दिसलं. नियम सांगतो, की तार छेडली त्या जागी ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू, म्हणजे त्याच्या कंपनात न हलणारी जागा, येतो, तो उपस्वर उमटू नये. तंबोऱ्यात तो ठणठणीत उमटतो! १९२१ च्या लेखात रामन यांनी हे मांडलं आणि कारण म्हणून घोडीकडे बोट दाखवलं.

(मिरज. कारागिराचे हात.)

वाजवून वाजवून तारा घोडीत चरे पाडतात, जवारी बसते. मग मिरजेच्या परंपरेतला कारागीर घोडी कानशीने घासतो, तार चढवतो, ऐकतो, तार उतरवतो, पुन्हा घासतो. मापं कानातच असतात. आणि हात जपून चालवावा लागतो, कारण जास्त घासलेली घोडी भरून काढता येत नाही.